दत्तक पात्रे

गेल्या वैशाखात आठ दिवस आमचा मुक्काम तळोज्यास आमच्या धाकट्या बहिणीच्या घरी होता. दिवा-पनवेल लोहमार्गावरील एक लहानसे स्थानक, भोवती भातखाचरे, आगरी वस्तीची गावे आणि मधून वाहणारी कासार्डी नदी, एवढीच एके काळी तळोज्याची ओळख होती. पुढे कारखाने आले, त्यामागून सिडकोच्या वसाहती आल्या, आणि नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूरहून निघालेली मेट्रो पेंधरपर्यंत धावू लागली. बहिणीचे घर चौदाव्या मजल्यावर आहे. तेथील सज्ज्यात उभे राहिले म्हणजे एका अंगास उंच इमारतींची रांग दिसते, तर दुसऱ्या अंगास जुने गावठाण, त्यातील देऊळ आणि लग्नसराईचे मांडव.

त्या गावठाणातील एका हळदीच्या समारंभास आम्ही शेजारधर्माने गेलो होतो. ध्वनिवर्धकाचा कल्लोळ ओसरल्यावर एक वृद्ध धवलारीण पुढे येऊन बसली व तिने धवळा धरला. रायगड व ठाणे जिल्ह्यांतील आगरी समाजात लग्नाचे विधी या धवलारणींच्या गाण्यांच्या आधाराने चालत आले आहेत, हे पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. त्या बाईच्या गाण्यात देवांची नावे आणि त्या घरातील माणसांची नावे एकाच दमात येत होती. देवांघरचे लग्न कोठे संपले आणि पाटलांच्या घरचे कोठे सुरू झाले, हे आम्हांस कळेना, आणि ते कळून घ्यावे असे मांडवातील कोणासही वाटत नव्हते.

त्याच रात्री घरी परतल्यावर आमच्या भाचीने संकोचत आपली एक गोष्ट आम्हांस वाचावयास दिली. ती महाविद्यालयात शिकते. तिचे व तिच्या मैत्रिणींचे एक मंडळ असून आवडत्या ग्रंथांतील पात्रे घेऊन त्यांवर नव्या गोष्टी लिहाव्या व परस्परांस वाचून दाखवाव्या, असा त्यांचा क्रम आहे. तिची गोष्ट द्यूतसभेची होती व ती कर्णाच्या तोंडून सांगितलेली होती. भाषा प्रांजळ होती, काही वाक्ये तर आम्हांस हेवा वाटावा अशी होती. परंतु या गोष्टीतला कर्ण सभेत एका खांबाआड उभा राहून डोळे मिटून घेतो. त्याच्या मुखातून एक अक्षरही निघत नाही.

आम्ही म्हटले, "अगं, सभापर्वात कर्ण गप्प नाही. द्रौपदीस त्याने जे हीन विशेषण लाविले, ते कोठे आहे?"

ती म्हणाली, "ते मला ठाऊक आहे, मामा. पण माझा कर्ण असं बोलणारच नाही."

आमच्या बहिणीचा आक्षेप निराळाच होता. पोळ्या लाटता लाटताच ती म्हणाली, "मुळात दुसऱ्याची पात्रं उचलून गोष्ट लिहायची, ही चोरीच नाही का दादा? लिहायचंच असेल तर स्वतःचं लिही म्हणावं." मायलेकींनी आमच्याकडे निवाड्याच्या अपेक्षेने पाहिले. तो निवाडा आम्हांस त्या रात्री करता आला नाही. पुढील काही महिने या प्रश्नाचा जो विचार आम्ही केला, तो येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

अशा लेखनास इंग्रजीत 'फॅन फिक्शन' म्हणतात. मराठीत तूर्त त्यास 'अनुकथा' म्हणू. एखाद्या कथेवर जीव जडलेला वाचक तिच्यातील पात्रे घेऊन स्वतः पुढची, मागची किंवा आडवाटेची गोष्ट रचतो, ती अनुकथा होय. अमेरिकेत 'स्टार ट्रेक' या दूरदर्शनमालिकेच्या चाहत्यांनी १९६७ साली 'स्पॉकनेलिया' नावाचे हौशी नियतकालिक काढिले व त्यात मालिकेतील पात्रांवरील आपले लेखन छापिले. या प्रकाराचा आधुनिक इतिहास बहुधा तेथून सांगितला जातो. सहा वर्षांनी, १९७३ साली, त्याच गोतावळ्यातील पॉला स्मिथ या लेखिकेने या लेखनाची थट्टा करणारी एक चिमुकली कथा लिहिली. तिची नायिका मेरी स्यू ही साडेपंधरा वर्षांची, साऱ्या ताफ्यातील सर्वांत लहान अधिकारी, सर्वगुणसंपन्न व सर्वांस प्रिय. ती मरते तेव्हा सारे जहाज रडते. तेव्हापासून ज्या पात्रात लेखकाने आपले सारे लाड ओतले आहेत व दोष म्हणून ठेवलेला नाही, त्यास 'मेरी स्यू' म्हणण्याचा प्रघात पडला. चाहत्यांनी आपल्याच लेखनास लावलेली ही कसोटी आहे, आणि ती पुढे आम्हांस उपयोगी पडणार आहे.

प्रकार मात्र १९६७ पेक्षा फार जुना आहे. सर्वांतेसच्या 'डॉन क्विक्झोट'चा पहिला भाग १६०५ साली प्रसिद्ध झाला. तो इतका लोकप्रिय ठरला की १६१४ साली आवेयानेदा या टोपणनावाने कोणी त्याचा दुसरा भाग परभारे छापून मोकळा झाला. सर्वांतेसने १६१५ साली आपला खरा दुसरा भाग काढिला, आणि त्यात एक मौज केली. त्याचा नायक एका खानावळीत उतरला असता शेजारच्या खोलीतील गृहस्थ ते खोटे पुस्तक वाचीत असतात. त्यात डॉन क्विक्झोट आपल्या डल्सिनियेस विसरला आहे असे लिहिलेले आहे, हे त्याच्या कानी पडते. तो संतापून उठतो. डॉन क्विक्झोट डल्सिनियेस विसरूच शकत नाही, हे खुद्द डॉन क्विक्झोट सांगतो! ते खोटे पुस्तक आपणांस सारागोसा शहरी नेते हे कळताच तो त्या शहरी जाण्याचा बेतही रद्द करितो. 'हा मनुष्य असे करणारच नाही' हे आमच्या भाचीचे वाक्य चारशे वर्षांपूर्वी एका पात्राने स्वतःविषयी उच्चारिले होते, आणि तेही आपणांस दत्तक घेऊ पाहणाऱ्याविरुद्ध.

या एका प्रसंगावरून अनुकथेचे दोन्ही मुख्य प्रश्न स्पष्ट होतात. एक दृष्टीचा: गोष्ट कोणाच्या डोळ्यांनी पाहावयाची? दुसरा स्वभावाचा: पात्र आपले राहून वागते की लेखकाच्या हौसेसाठी वागते? हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. डोळे बदलले की स्वभाव निराळा दिसू लागतो, आणि दिसण्यातला फरक असण्यातला फरक आहे असे लेखकास हळूहळू वाटू लागते. महाराष्ट्रात हा गुंता कसा वाढत व सुटत आला, हे पाहणे बोधप्रद आहे.

आरंभ मांडवापासूनच करू. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ऋद्धिपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहलीलेच्या प्रसंगी महानुभाव पंथातील महदंबेने जे धवळे रचिले, ते मराठीतील स्त्रीने केलेल्या काव्यरचनेचे अत्यंत जुने उदाहरण होय. त्यांचा विषय रुक्मिणीस्वयंवर. आपल्या आराध्य गुरूच्या लग्नखेळात श्रीकृष्णाची व रुक्मिणीची गोष्ट गावी, आणि एका गोष्टीतील माणसे दुसरीत सुखेनैव मिसळून जावी, हे त्या भाविक स्त्रीस सहज सुचले. तळोज्याच्या मांडवातील वृद्धेची गाणी निराळी, तिचा पंथ निराळा. पण गाण्याचे नाव तेच आणि रीतही तीच. पारकी पात्रे उचलणे ही चोरी असेल, तर मराठी काव्याने आपल्या बाळपणीच ती केली आहे, असे म्हणावे लागेल.

बहिणीच्या आक्षेपास एवढे उत्तर पुरे आहे. भाचीच्या वाक्यास मात्र ते पुरत नाही. त्यासाठी व्यासांकडेच जाणे प्राप्त आहे.

महाभारत कोण कोणास सांगतो, याकडे आपले लक्ष क्वचित जाते. नैमिषारण्यात उग्रश्रवा सौती शौनकादी ऋषींना जे सांगतो, ते वैशंपायनाने जनमेजयास सर्पसत्रात सांगितलेले आहे. आणि त्यातील युद्धवर्णन संजय धृतराष्ट्रास सांगतो. या योजनेतील मर्म विलक्षण आहे. जनमेजय हा जेत्यांचा पणतू. तरी त्याच्या पूर्वजांनी भीष्म, द्रोण, कर्ण व दुर्योधन यांस कसे पाडिले, हे त्यास काही न झाकता ऐकविले जाते. उलट पांडवांचा जय सांगितला जातो तो हरलेल्यांच्या बापास. पुत्रवधाची वार्ता बापाच्या कानात घातल्यावाचून या ग्रंथात विजयाची वार्ता सांगताच येत नाही. एकाच्या बाजूने बोलावे तर ऐकणारा दुसऱ्या बाजूचा, अशी ही मांडणी असल्यामुळे व्यासांच्या कोणत्याही पात्राचे केवळ लाड होऊ शकत नाहीत.

परंतु चाहते व्यासांनाही चुकले नाहीत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य आरंभिले. विष्णु सीताराम सुखटणकर यांनी १९२५ पासून त्याची धुरा वाहिली, आणि १,२५९ हस्तलिखितांच्या आधारे सिद्ध झालेली ती आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. या आवृत्तीत द्रौपदीस्वयंवराचे आख्यान वाचणाऱ्यास एक धक्का बसतो. कर्ण धनुष्यास हात घालतो आणि 'सूतास मी वरणार नाही' असे द्रौपदी भरसभेत म्हणते, हा आपण लहानपणापासून ऐकलेला प्रसंग मूळ संहितेत स्वीकारलेला नाही. तो थोड्या पोथ्यांतच आढळल्यामुळे संपादकांनी तो तळटीपेत घातला आहे.

म्हणजे कोण्या नामशेष लेखकाने तो मागाहून रचिला. त्याचा हेतू काय होता, हे आज सांगता येणार नाही. परंतु त्याचा परिणाम मात्र आपण सारे पाहतो. द्यूतसभेत कर्ण जे बोलला त्याचे कारण त्या एका वाक्यात सापडले. 'तिने त्याचा अपमान केला होता, त्याचा त्याने सूड घेतला' असे म्हणण्याची सोय झाली. कर्णाचा दोष हलका झाला, पण तो नाहीसा झाला नाही. तो उचलून द्रौपदीच्या पदरात घातला गेला. एका पात्रास धुऊन काढावे तर ते मळकट पाणी दुसऱ्या कोणावर तरी जाते. अनुकथेच्या साऱ्या इतिहासात आम्हांस हा नियम पुनःपुन्हा प्रत्ययास आला.

याच्या उलट उदाहरण भासाचे. त्याच्या नावे मानली जाणारी तेरा नाटके त. गणपतिशास्त्री यांनी १९१२ पासून त्रिवेंद्रम येथून प्रसिद्ध केली. त्यांतील 'ऊरुभंगा'त मांड्या मोडून पडलेल्या दुर्योधनापाशी त्याचा लहानगा पुत्र दुर्जय येतो व नेहमीप्रमाणे मांडीवर बसू पाहतो. तो प्रसंग पाहून कोणाचे मन द्रवणार नाही? दुर्योधन येथे बाप आहे. तरी त्याने पूर्वी जे केले त्यातील काहीही नाटककाराने पुसलेले नाही. ज्या मांडीवर त्याने द्रौपदीस बसण्याची खूण केली होती, त्याच मांडीवर आज मुलास बसविता येत नाही, हे प्रेक्षकाच्या ध्यानात आपोआप येते आणि करुण रस द्विगुणित होतो. भासाने पाहण्याची जागा बदलली. घडलेले कृत्य बदलले नाही.

आपल्या लोकपरंपरेने बहुतांशी हाच मार्ग धरिला. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांच्या प्रयत्नाने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ज्या लक्षावधी ओव्या संगृहीत झाल्या, त्यांत सीतेच्या वनवासाच्या ओव्यांचा वाटा मोठा आहे. या ओव्यांत युद्धाचा पराक्रम मागे राहतो. गर्भारपणी रानात सोडलेली बाई पुढे येते. तिचे बाळंतपण कोण करणार, बाळांस पाळणा कोठला, ही चिंता दळणाऱ्या बायकांस पडते. रानातील काटेरी झाडे बायांचे रूप घेऊन तिची समजूत घालतात, अशीही त्यांची कल्पना आहे. दळणाऱ्या बाईने आपला सासुरवास सीतेच्या तोंडी घातला, हे उघड आहे. पण म्हणून तिने रामास वनवासाची आज्ञा मागे घ्यावयास लाविली नाही. तसे केले असते तर तिचे स्वतःचे दुःखही गाण्यातून निघून गेले असते.

कर्ण-द्रौपदीचे आख्यानही आपल्या लोककलावंतांनी सोडले नाही. शाहीर विठ्ठल उमप यांनी गाजविलेल्या 'जांभूळ आख्याना'त द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी अभिलाष उत्पन्न होतो आणि श्रीकृष्ण जांभळाच्या फळाचे निमित्त करून तिच्याकडून ते वदवून घेतो. सनातनी वाचकांस हे धाडस वाटेल. परंतु बारकाईने पाहिले तर या आख्यानाने एकही बाह्य कृत्य पालटलेले नाही. जेथे व्यास मौन धरितात अशा मनाच्या कोपऱ्यात ते शिरले आहे, आणि तेथून निघणारी कबुली खुद्द द्रौपदीच्या तोंडची आहे. कबुली देणारे पात्र कधी 'मेरी स्यू' होत नाही.

रंगभूमीने आणखी एक पाऊल टाकिले. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'सौभद्र' १८८२ साली रंगभूमीवर आले. सुभद्राहरणाचे कथानक आदिपर्वातले. बलरामाचा क्रोध व श्रीकृष्णाची मसलतही तेथलीच. पण किर्लोस्करांचा बलराम घरातल्या तापट पण भाबड्या थोरल्या भावासारखा आहे, आणि श्रीकृष्ण हा सर्वांस हसत हसत आपल्या मनासारखे करावयास लावणारा धाकटा. द्वारकेचा वाडा पुण्यातल्या वाड्यासारखा गजबजला, तरी प्रेक्षकांस त्यात विसंगती भासली नाही. कारण स्वभावाचा सांगाडा मूळचाच होता, अंगरखा तेवढा नवा. पुढे १९०७ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त प्रेक्षकांनी कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झनास पाहिले, सैरंध्रीच्या जागी मातृभूमीस, आणि युधिष्ठिर व भीम यांच्या जागी मवाळ व जहाल पक्षांस. १९१० साली सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. नाटकाचे कथानक विराटपर्वातले होते. नवे होते ते प्रेक्षकांचे डोळे, आणि सरकारनेही ते नाटक त्याच डोळ्यांनी वाचिले!

येथवर पात्रे आपापल्या मुखाने बोलत होती ती रंगभूमीवर व गाण्यांत. संपूर्ण कादंबरी त्यांच्या प्रथमपुरुषी निवेदनावर उभारण्याचा लक्षणीय प्रयोग वि. स. खांडेकरांनी १९५९ साली 'ययाति'त केला. ययाती, देवयानी व शर्मिष्ठा अशी तीन पात्रे तेथे आळीपाळीने आपली हकीगत सांगतात. या रचनेचा लाभ असा की एकाच घरातील एकच दिवस तीन मनांत तीन प्रकारे उतरलेला आपणांस दिसतो. ययाती आपल्या विषयलोलुपतेची हकीगत स्वतः सांगतो, म्हणून ती अधिक अंगावर येते. देवयानीस बोलू दिले आहे खरे. परंतु तिच्या बोलण्यातूनच तिचा अहंकार उघडा पडतो. 'मी' म्हणून बोलणे म्हणजे आपला बचाव मांडणे एवढेच नव्हे. मनुष्य बोलू लागला की न सांगावयाचे तेही सांगून जातो, हे खांडेकरांनी ओळखले होते.

आणि मग १९६७ साल येते. अमेरिकेत ते हौशी नियतकालिक निघाले त्याच वर्षी पुण्याच्या बाजारात दोन मराठी ग्रंथ आले: शिवाजी सावंत यांची 'मृत्युंजय' ही कादंबरी आणि इरावती कर्वे यांचा 'युगान्त'. दोघांस एकमेकांची जाणीव असण्याचे कारण नव्हते, अमेरिकेची तर नव्हतीच. परंतु परक्या पात्रांशी कसे वागावे याचे दोन मार्ग त्या एका वर्षाने मराठी वाचकांपुढे ठेविले.

'मृत्युंजय' लिहिणारे सावंत तेव्हा सत्ताविशीच्या आसपासचे होते. या कादंबरीत कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण व अखेरीस श्रीकृष्ण अशी सहा पात्रे बोलतात. मराठीत एखाद्या पात्रावर लेखकाने इतके प्रेम क्वचितच केले असेल. आणि त्या प्रेमाचा वाचकांनी जो स्वीकार केला तो सर्वश्रुत आहे. कर्णाचे नाव घेताच अनेक घरांतून आज जी मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते, ती व्यासांच्या कर्णाइतकीच, कदाचित अधिक, सावंतांच्या कर्णाची असते. आमच्या भाचीचा 'माझा कर्ण' याच घराण्यातला. त्या कादंबरीची थोरवी मान्य करूनच आम्ही वाचकांस एक गोष्ट पाहावयास सांगतो. बोलणाऱ्या सहा जणांत त्याची जन्मदात्री आहे, पत्नी आहे, भाऊ आहे, मित्र आहे. प्रतिपक्षाचा म्हणावा असा श्रीकृष्णही आहे. द्रौपदी मात्र नाही. ज्या स्त्रीच्या बाबतीत कर्णाचा सर्वांत मोठा अपराध घडला, तिची साक्ष या न्यायासनापुढे झालेलीच नाही. साक्षीदार कितीही वाढविले तरी ज्यास लागले तो बोलत नाही तोवर निकाल एकतर्फीच राहणार.

इरावतीबाई मानवशास्त्रज्ञ; त्यांचा मार्ग निराळा. त्या पात्रांस परीक्षकाच्या नजरेने पाहतात, कोणासही सूट देत नाहीत, द्रौपदीसही नाही. पण या कठोर परीक्षणातही त्यांना एके ठिकाणी अनुकथा लिहिण्याचा मोह आवरला नाही. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी प्रथम पडते, आणि अर्जुनाविषयीचा तिचा पक्षपात हे त्याचे कारण युधिष्ठिर सांगतो, इतके व्यासांनी लिहिले आहे. बर्फात पडलेल्या द्रौपदीचे शेवटले क्षण कसे गेले, हे त्यांनी लिहिलेले नाही. तेथे इरावतीबाईंनी भीमास तिच्यापाशी आणिले, आणि आपल्यावर खरे प्रेम कोणी केले हे तिला त्या घटकेस उमगते असे दाखविले. हा प्रसंग मूळात नाही. पण मूळातले काहीही त्याने खोटे पडत नाही. सौगंधिक कमळे आणणारा, कीचकास मारणारा, दुःशासनाच्या रक्ताची प्रतिज्ञा पुरी करणारा भीमच होता, हे सारे आपणांस आधीच ठाऊक असते. आपण ते एकत्र जोडून पाहिलेले नसते एवढेच. घराच्या भिंतीत जेथे फट होती तेथे त्यांनी दिवा ठेविला. भिंत पाडली नाही.

येथे कोणी विचारील की, मग लेखकाच्या स्वातंत्र्याचे काय? प्रतिभेने जुन्याचे दास्य पत्करावे काय? मुळीच नाही. ज्यास कृत्यच बदलावयाचे आहे त्याने नावही बदलावे, म्हणजे तो पूर्ण स्वतंत्र झाला. राम गणेश गडकऱ्यांचे आपले गुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांच्या विनोदावर निस्सीम प्रेम होते. परंतु त्यांनी कोल्हटकरांचे सुदामा, बंडूनाना व पांडुतात्या हे त्रिकूट उचलून आपल्या लेखांत बसविले नाही. त्याच धर्तीवर बाळकराम, तिंबूनाना व भांबूराव ही आपली माणसे उभी केली. गुरुऋण सर्वांस दिसले आणि शिष्यही स्वतंत्र झाला. पात्राचे नाव ठेवावयाचे याचा अर्थ त्याचा भूतकाळ पत्करावयाचा. दत्तक घेतलेल्या मुलास आपण आपले नाव देतो, आपल्या घरचे वळण लावितो. पण त्याच्या अंगावरची जन्मखूण खरवडून काढीत नाही. हे कर्णाच्या बाबतीत सांगावे लागावे, ही गंमतच आहे. राधेने त्याची कवचकुंडले झाकली नव्हती.

तर मग 'माझा कर्ण असे बोलणारच नाही' या वाक्याचे काय करावयाचे? सभापर्वात विकर्ण द्रौपदीच्या बाजूने उभा राहतो, तेव्हा त्यास दटावणारा कर्णच होय. तिला बंधकी म्हणणारा तोच, आणि पांडवांची व तिची वस्त्रे काढून घे असे दुःशासनास सांगणाराही तोच. हे पुसून टाकिले तर उरतो तो दानशूर, रूपवान, उपेक्षित व निष्पाप वीर. म्हणजे चाहत्यांनी स्वतःच हसून नाव ठेविलेली मेरी स्यू. तिच्यावर लोभ जडू शकतो, पण तिच्याविषयी विचार करीत रात्र काढावी असे तिच्यात काही नसते.

आणि गंमत अशी की कर्णावर प्रेम करणाऱ्यांस जे हवे आहे ते व्यासांनीच देऊन ठेविले आहे. उद्योगपर्वात शिष्टाई फसल्यावर श्रीकृष्ण कर्णास रथात घेऊन एकांतात त्याचे जन्मरहस्य सांगतो व पांडवांकडे येण्याची विनंती करितो. कर्ण नकार देतो. राधेने व अधिरथाने केलेले उपकार, दुर्योधनाशी जडलेले सख्य, ही कारणे तो सांगतो. आणि त्याच संभाषणात, दुर्योधनास बरे वाटावे म्हणून पांडवांस आपण जी कटू वचने बोललो त्यांचा आपणांस आज पश्चात्ताप होतो, अशी कबुली देतो. सभेतला उद्दाम कर्ण आणि हा कर्ण यांच्यामध्ये तेरा वर्षे गेलेली आहेत. त्या तेरा वर्षांत त्याच्या मनात काय चालले होते, याविषयी व्यास जवळजवळ काहीच सांगत नाहीत. अनुकथा लिहिणारास याहून मोकळे रान कोणते हवे? परंतु त्या रानात शिरण्याची वाट सभेतल्या त्या शब्दांवरूनच जाते. ते शब्द नाहीत तर पश्चात्तापही नाही. आणि पश्चात्ताप नाही तर ज्या कर्णासाठी जीव तुटतो तो कर्णही नाही.

या प्रश्नास केवळ वाङ्मयीन म्हणून बाजूस सारता येईल असे आम्हांस वाटत नाही. आपल्या आवडत्या माणसाने असे केलेच नसेल, हे वाक्य आपण गोष्टींतील माणसांविषयीच बोलतो असे नाही. घरातील वडीलधाऱ्यांविषयी, गावातील थोरांविषयी, इतिहासातील वीरांविषयीही आपण ते बोलतो. आणि प्रत्येक वेळी कोणी तरी द्रौपदी साक्षीवाचून राहते. गोष्ट लिहिताना जी मुलगी हा मोह ओळखावयास शिकेल, ती पुढे पुष्कळ ठिकाणी तो ओळखील.

श्रावणात आम्ही पुन्हा तळोज्यास गेलो, तेव्हा उद्योगपर्वाचे भाषांतर बरोबर नेले होते. भाचीने ते दोन दिवसांत वाचून काढिले. आमचे म्हणणे तिला सर्वस्वी पटले असे नाही. कर्ण खरोखर पश्चात्ताप पावला की मरण समोर दिसू लागल्यामुळे बोलला, यावर तिने आमच्याशी तासभर वाद घातला व त्यात आमची बाजू लंगडी पडली. तिच्या आईने मधेच विचारले की त्या गोष्टीचे पुढे काय झाले. तेव्हा तिने सांगितले की, खांबाआड डोळे मिटून उभ्या राहणाऱ्या कर्णाची चार पाने तिने काढून टाकिली आहेत. आता ती गोष्ट सभेनंतर त्याच रात्री सुरू होते, आणि ती सांगते द्रौपदीच्या पाठोपाठ सभेच्या दारापर्यंत गेलेली एक दासी. तिने आत बोललेले सारे बाहेरून ऐकिले आहे.

"आणि कर्ण?" आम्ही विचारिले.

"तो आहे ना. तो बोललाय, मामा," ती म्हणाली. "पण त्यानंतर तो घरी जाऊन काय करतो, ते या दासीला दिसत नाही. तिथंच माझं अडलंय."

बहिणीने ताटे मांडली. गावठाणाच्या बाजूने पाऊस येत होता, आणि गोष्ट अजून अपुरी होती.